स्वयंपाकघरातले कार्बोरेटर

आमच्या घरात घासलेटचे दोन वास असत. एक स्टोव्हचा आणि एक कार्बोरेटरचा. डोळे बांधून विचारलंत तरी कुठला कुठला ते मी आजही सांगेन. स्टोव्हच्या वासात भाताची वाफ मिसळलेली असायची, आणि दुसऱ्यात शिळ्या पेट्रोलचा आंबूसपणा. पाहुणे आले की बाकीच्यांच्या घरी चादर झटकतात, आमच्याकडे आधी परात उचलावी लागे, कारण परातीत कुणाच्या तरी मोटारसायकलचा कार्बोरेटर भिजत पडलेला असे. एका मामींनी एकदा अंधुक उजेडात तो मिक्सरचा भाग समजून ‘आमच्याकडेही असाच बिघडलाय’ असं सांगितलं होतं. आईने त्यांची चूक दुरुस्त केली नाही. म्हणाली, उगाच कशाला, मग सगळंच सांगत बसावं लागेल.

सगळंच सांगायचं तर सुरुवात याकूबभाईंपासून करावी लागेल. याकूबभाई बाबांचे शाळेतले मित्र. भिवंडीतल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातले. भावांनी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले, हे मात्र मोटारसायकलींच्या नादाला लागले आणि धामणकर नाक्याजवळ घरच्याच कारखान्याला लागून गॅरेज काढून बसले. अडचण ती तिथेच झाली. भिंतीपलीकडे दिवसभर लूमची खटाखट आणि हवेत कायम कापूस. आमच्या गावात तो कापूस कुठे नव्हता? खिडकीच्या जाळीत, भुवयांवर, वाळत घातलेल्या पापडांवर, सगळीकडे. पण कार्बोरेटरच्या आतली भोकं सुईच्या अग्राएवढी. इकडे साफ करावं आणि झाकण लावेपर्यंत तिकडे पुन्हा तंतू जाऊन बसावा. याकूबभाई एकदा वैतागून उघडा कार्बोरेटर डब्यात घालून आमच्या घरी घेऊन आले. आमचं घर गल्लीच्या आतल्या टोकाला, आणि आईला स्वच्छतेचं वेड. तिने स्वयंपाकघराची खिडकी लावली, फरशी ओल्या फडक्याने पुसली, ती ओली आहे तोवरच काम करा म्हणाली, म्हणजे उडता कापूस खाली चिकटून राहतो. तो कार्बोरेटर असा चालला की याकूबभाईंनी दुसऱ्या दिवशी आणखी दोन पाठवले. बाबा कचेरीत कारकून, त्यांना स्क्रू पिळणं कधी जमलं नाही. आईला मात्र जमलं, आणि बघता बघता ते काम तिचं झालं.

कार्बोरेटर उघडला की आतले झिजलेले भाग बदलायचे. कंपनीचे भाग महाग, आणि गिऱ्हाईक म्हणजे लूमवाले, रिक्षावाले, दूधवाले. त्यामुळे सगळा कारभार डुप्लिकेट किटवर. भडक रंगाचं प्लास्टिकचं पाकीट, आत दोन पितळी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, एक सुई, रबरी रिंगा आणि सांध्यात बसवायचं पातळ गॅस्केट. त्यातली एखादी वस्तू बरी निघायची, बाकीचा देवाचा कौल. सुईचं टोक वाकडं, रिंगा पेट्रोलात फुगणाऱ्या, गॅस्केटची भोकं भलतीकडे. म्हणून याकूबभाई किटं मूठभर आणायचे आणि आई तांदूळ निवडायला बसावं तशी ती ताटात ओतून निवडायची. गॅस्केट ती स्वतःच जाड कागदावर ब्लाउज बेतल्यासारखं आखून कापायची. राहिले जेट. त्यांच्यावर आकडा कोरलेला असतो, भोक केवढं आहे त्याचा. डुप्लिकेटवरचा आकडा म्हणजे निव्वळ थाप. भोक लहान असेल तर गाडी धापा टाकणार, मोठं असेल तर पेट्रोल पिणार. मग बाबांनी एक युक्ती काढली. रबरी नळीच्या एका टोकाला शाईचं नरसाळं, दुसऱ्या टोकाला जेट. नरसाळ्यात पाणी भरायचं आणि ते संपेपर्यंत पाढे म्हणायचे. एकोणतीसचा पाढा संपताना पाणी संपलं तर जेट उत्तम. आधीच संपलं तर भोक मोठं. पाढा संपून पावपटीची पावकी सुरू झाली तर लहान. मनगटावरचं घड्याळ बाबांबरोबर कचेरीत जायचं आणि भिंतीवरच्याला सेकंदकाटा नव्हता, म्हणून हे पाढे. बाबा नसले की पाढे मी म्हणायचे, एका लयीत, मध्ये श्वास न घेता. शाळेत बाई विचारायच्या, एवढे पाढे कुणी शिकवले? आता त्यांना काय सांगणार!

कार्बोरेटर उघडायचं काम ताईचं, आणि शेवटचंही तिचंच. तिचं नाव सुधा, पण मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. ताईची बोटं बारीक आणि सरळ. धुतलेले, पारखलेले जेट जागेवर बसवायचे, तरंगणारा फ्लोट नीट लावायचा, खालची वाटी घट्ट करायची, तोंडाने फुंकून बघायचं, हे सगळं ती करायची. ओठाला पेट्रोल लागलं की तोंड वाकडं करून गुळाचा खडा चघळायची. तिसऱ्या प्रहरी काम नसलं की त्याच पुसलेल्या फरशीवर आई वाती वळत बसे. गुडघ्याशी कापूस, बोटांना चिमूटभर भस्म, आणि तोंडाने आमच्या दोघींचा उद्धार. कार्बोरेटरच्या दिवशी जेवायला पिठलं-भात ठरलेला, कारण हात धुवून धुवूनही वास जात नसे आणि पिठल्याच्या फोडणीपुढे कुठलाच वास टिकत नाही. मला वाटतं, त्या दिवसांत आम्ही फार आनंदात होतो. तेव्हा कळलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आई वज्रेश्वरीच्या बाजूच्या एका खेड्यातली. भाताच्या खाचरात वाढलेली. लावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत, रात्री त्यावर कडू तेल लावून रडत झोपायचो, असं ती सांगायची. तिच्या पायांवर त्या खुणा शेवटपर्यंत होत्या. एका गोष्टीवर ती अडून होती. माझ्या मुली चिखलात उतरणार नाहीत. नोकरदाराच्या घरी जातील, फरशीवर चालतील. ताईसाठी ठाण्याचं एक स्थळ आलं होतं, मुलगा कचेरीत, घर दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी मुलगी पसंत केली होती, आपल्याकडून होकार कळवायचा तेवढा बाकी होता. ताई काही बोलत नव्हती, आणि तिचं न बोलणं आईने होकार म्हणून धरलं होतं.

अशात वसंता आला. गणेशपुरीचा. घरची भातशेती, आणि तिथल्या आश्रमात येणाऱ्या लोकांसाठी त्याच्या आईचं देवळाजवळ फुलं, नारळ, वाती-उदबत्त्यांचं लहान दुकान. वसंता कशेळीला एका गोदामात माल मोजून घ्यायच्या ड्युटीवर होता, रोज मोटारसायकलने ये-जा, वाटेत ट्रकांच्या गर्दीचा नदीवरचा पूल. याकूबभाईंनी त्याचा कार्बोरेटर सोडवला, त्याच्याच हातात दिला आणि आमच्या घरी धाडलं. तो बाहेर ओट्यावर बसून राहिला. सावळा, उंच, बोलताना समोरच्याकडे न बघता चपलेच्या अंगठ्याकडे बघणारा. मी चहा नेऊन दिला तर म्हणाला, ‘ताई, साखर कमी हाय का याच्यात?’ मी त्याच्याहून चांगली सहा-सात वर्षांनी लहान, आणि मला ताई! साखर बरोबर होती. कप परत न्यायला ताई आली तेव्हा मात्र चहा फार छान झालाय म्हणाला. इतकं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मला काही कळलं नाही. ताईला परवा फोनवर म्हटलं, मी एवढी मठ्ठ होते का गं? ती म्हणाली, होतीस.

पंधरा दिवसांत तो पुन्हा आला. गाडी वेगात असली की ठीक, पण ॲक्सिलरेटर सोडला की बंद पडते म्हणे. म्हणजे लहान जेट, पायलट जेट, तुंबला. साफ करून दिला. पुन्हा पंधरा दिवसांनी तेच. मग आठवड्याने. बाबांना त्याचं येणं आवडू लागलं होतं, कारण तो पाढे मन लावून ऐकायचा. याकूबभाईंना मात्र ते लागलं. नाक्यावर लोक विचारायला लागले, त्या गणेशपुरीवाल्याची गाडी सुधरत का नाही? एका रविवारी सकाळी ते स्वतः वसंताला आणि त्याचा कार्बोरेटर घेऊन आमच्याकडे आले आणि आईसमोर बसून फार संकोचाने म्हणाले, ‘वहिनी, तुमच्या हाताला नाव ठेवायची माझी हिंमत नाय. पण हा डुप्लिकेट माल आता बंद करू या. धंद्याची इज्जत जाते.’ डुप्लिकेट बंद म्हणजे निवडणं, पारखणं, सगळंच बंद, म्हणजे आमच्या घरचं कामच बंद. आईचा चेहरा एवढासा झाला. तिने निवडलेल्या जेटवर कुणी बोट ठेवलं नव्हतं आजवर.

ती म्हणाली, आज मी उघडते. रोज उघडायचं काम ताईचं, पण ताई मागच्या दारी घासलेटात दुसरे भाग धूत होती. आईने फरशी पुसली, वाटी सोडवली, पायलट जेट काढून उजेडाकडे धरला. मग केसातली पिन काढून अलगद काहीतरी ओढलं आणि तळहातावर घेतलं. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. कापूसच होता, तांदळाच्या कणीएवढा. याकूबभाई सुटकेने म्हणाले, लूमचाच आहे, किटचा दोष नाही. आई मान हलवत राहिली. लूमचा कापूस खळ लागलेला, राठ आणि आखूड असतो. हा मऊ होता, किंचित राखाडी, आणि त्याला पीळ होता. हवेतून उडून येणारा कापूस स्वतःला पीळ घालत नाही. पीळ माणूस घालतो, बोटांना भस्म लावून. आईने आयुष्यभर तेच केलेलं. ‘ही वात आहे,’ ती म्हणाली, आणि तिने दारातून बाहेर ओट्यावरच्या वसंताकडे पाहिलं. याकूबभाईंनी पाहिलं. बाबांनी पाहिलं. ज्याच्या आईचं वातींचं दुकान, त्याच्या गाडीत वात. कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. का घातली असेल हेही एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं, अगदी माझ्यासुद्धा.

वसंता उभा राहिला. चपलेकडे बघत म्हणाला, ‘मीच घातली.’ याकूबभाई असे चिडले की हिंदीत सुरू झाले. माझ्या गॅरेजची बदनामी केलीस, ज्या घरात तुला चहा पाजला त्या घराला फसवलंस, आता पाऊल टाकायचं नाही इकडे. वसंता चपला घालून निघाला आणि तेवढ्यात मागच्या दारातून ताई आली, कोपरापर्यंत घासलेटाने ओली. हात पुसायचंही भान नव्हतं तिला. म्हणाली, ‘आई, पहिली वात मी घातली होती. तुझ्या वातींच्या डब्यातली.’

आई ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, ‘आणि पुलावर बंद पडली असती तर? मागे ट्रक असता तर?’ ताईने तोंडावर हात घेतला. खरं सांगते, तोवर हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. आईने खाली बसून तो कार्बोरेटर स्वतः साफ केला, स्वतः बंद केला, वसंताच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं. मला त्या दिवशी ताईचा भयंकर राग आला, आणि तो वसंतामुळे नव्हे. एका अंथरुणात झोपत होतो आम्ही, आणि तिने मला सांगितलं नाही! अजून येतो तो राग. ती म्हणते, तुझ्या तोंडात तीळ भिजला असता का? नसता भिजला, मान्य. तरी सांगायला हवं होतं.

पुढचे काही दिवस घरात भांड्यांचे आवाज मोठे आणि माणसांचे लहान. ताईने बाबांजवळ रडून एवढंच सांगितलं की मला ठाण्याला जायचं नाही. बाबांनी ते आईला सांगितलं, आणि आईने वरणाला फोडणी दिली. मग एका संध्याकाळी तिनेच विषय काढला. माझ्या घरातून, माझ्या नावावर, मुद्दाम बिघडवलेलं काम बाहेर गेलं. तो मुलगा रोज त्या पुलावरून जातो आणि त्याची आई घरी वाट बघत बसते. त्या बाईसमोर उभं राहून मी माफी मागितली पाहिजे. आणि तिथेच सांगते की हे प्रकरण इथे संपलं, मुलाला आवरा, मी मुलीला आवरते. परत आल्यावर ठाण्याला होकार. ताईने हे दाराआडून ऐकलं. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

पुढच्या सुट्टीला आई, बाबा आणि मी एसटीने गणेशपुरीला निघालो. ताईला घरी ठेवलं. स्टँडवर बाबा अचानक नाहीसे झाले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. आई म्हणाली, पेढे कसले? बारसं आहे का कुणाचं? बाबा म्हणाले, कुणाच्या दारी रिकाम्या हाताने कसं जायचं? कारकुनी डोकं, त्याला एक नियम माहीत की तो पाळायचा. आईने नारळ घेतलाच होता, कारण तिलाही तोच नियम माहीत होता. आता तुम्हीच सांगा, मुलीचे आईवडील नारळ आणि पेढे घेऊन मुलाच्या दारात उभे राहिले तर समोरच्याने काय समजायचं? आमच्यापैकी एकाच्याही ते डोक्यात आलं नाही. बसमध्ये आई वाटभर ओठ हलवत होती, काय बोलायचं ते घोकत होती.

वसंता कामावर होता, वडील रानात गेलेले. त्याची आई अंगणात झेंडूच्या माळा करत बसली होती. बाबांनी ‘भिवंडीहून आलो’ म्हटलं, तिने आम्हाला पाहिलं, आईच्या हातातला नारळ पाहिला, बाबांच्या हातातला पुडा पाहिला आणि ताडकन उठली. आईने तोंड उघडायच्या आत तिच्या कपाळाला कुंकू लागलं होतं. गूळ आला, पाणी आलं, पाट मांडले गेले, शेजारणी कुंपणाशी जमल्या. आई ‘अहो, ऐका तरी, आम्ही त्यासाठी नाही आलो’ म्हणत होती आणि त्या बाईला वाटत होतं की शहरातली माणसं, लाजतायत. शेवटी आईने तिचे दोन्ही हात धरले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वात, पूल, ट्रक, मुलीची चूक, पदरात घ्या. ‘तुमच्या मुलाला काही झालं असतं तर मी तुम्हाला तोंड काय दाखवलं असतं?’

वसंताची आई हसायला लागली. ‘आवं बाय, त्ये मला म्हाईत हाय. एकदाच घातली तुमच्या पोरीनं. आमच्या वसंतानं ती घरी येताना अंबाडी नाक्यापाशी बाजूला थांबून काढली, नि समजला. मंग म्होरच्या वाती त्यो माझ्याच दुकानातून न्ह्यायचा. पुलावर न्हाय, लांब न्हाय. धामणकर नाका आला, का त्याच्या अलीकडं बसून घालायचा, नि गाडी ढकलत गॅरेजात.’ आईने तिचे हात सोडले. मला वाटलं ती आता संतापेल. पण तिच्या चेहऱ्यावरून भीतीच उतरत होती, इतक्या दिवसांची. ती हळूच म्हणाली, म्हणजे त्याला कार्बोरेटर उघडता येतो. बाबा म्हणाले, चांगला येतो म्हणायचा, रस्त्यात बसून उघडतो. आणि मग तिघंही हसली. ते हसणं ऐकून मला रडू आलं, कारण ताई घरी एकटी बसली होती आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं.

हसणं थांबलं. समोर खाचरं पसरलेली, बांधावर रोपाच्या जुड्या टाकलेल्या, आणि वसंताच्या आईचे पाय मांडीखालून बाहेर आलेले. आईची नजर त्या पायांवर गेली आणि तिथेच थांबली. बेचक्या पांढऱ्या पडलेल्या, सोललेल्या. आईला ओळखू न येतील असे ते पाय नव्हते. तिने सरळ विचारलं, ‘माझ्या मुलीला चिखलात उतरवाल?’ आता ही बाई गोड काहीतरी सांगेल, मुलीसारखी ठेवू म्हणेल, सगळे म्हणतात तसं, असं मला वाटलं. तिने पदराने पाय झाकले नाहीत. म्हणाली, ‘उतरावं लागल, बाय. मी बी उतरते. खोटं कशाला सांगू?’

बाबांनी पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला. परत जायची बस कधी आहे हे ते विचारणार होते, असं त्यांनी नंतर कबूल केलं. आईने समोरच्या खाचराकडे पाहिलं, ज्याच्यापासून पळून ती भिवंडीला आली होती, जिथे आपल्या मुलींनी पाऊल टाकू नये म्हणून तिने फरशी पुसून पुसून संसार केला होता, आणि वसंताच्या आईला म्हणाली,

‘तिला लावणी येत नाही. पहिल्या वर्षी मी येईन तिच्याबरोबर.’